इंग्रजीचे शिक्षक आणि परदेशची शाळा



गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी शिक्षकांचे एक शिबिर होते. दुपारची जेवणे आटोपून आम्ही चारदोन जण कडुनिंबाच्या सावलीला टेकलो होतो. तेवढ्यात डोंगराकडच्या एका शाळेचे गुरुजी जवळ येऊन बसले. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षे इंग्रजी शिकवलेले. पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून ते हळूच म्हणाले, "सर, एवढं जरा नजरेखालून घालता का? दुसऱ्या कुणाला दाखवायची लाज वाटते."

कागद इंग्रजीत होता. वर राजमुद्रेसारखे काहीतरी छापलेले. अनुभवी इंग्रजी शिक्षकांसाठी एका परराष्ट्र सरकारची खास योजना आहे, तीत तुमची निवड झाली आहे, नोंदणीचे पस्तीस हजार रुपये आठ दिवसांत भरावेत, असा मजकूर. गुरुजींनी कुठे अर्जच केला नव्हता, तरी निवड झाली होती! आणि घरी पत्नीच्या नावची ठेवपावती मोडायचे ठरत आले होते.

आम्ही तो कागद ओळीओळीने वाचला. देशाचे नाव वर एक, खाली दुसरेच. कोणत्या खात्याची योजना, त्याचा पत्ता नाही. पत्ता म्हणून फक्त एक मोबाईल नंबर. तेव्हा पैसे वाचले, हे बरे झाले. पण कागद पुन्हा पिशवीत ठेवताना गुरुजी जे बोलले ते माझ्या मनातून जात नाही. ते म्हणाले, "म्हणजे असं काही नसतंच म्हणा. आपल्यासारख्याला कोण बोलावतंय?"

आजचे माझे बोलणे म्हणजे त्या गुरुजींना दिलेले उत्तर आहे असे समजा. त्यांचा कागद खोटा होता, पण योजना खऱ्या असतात. सरकारच्या खर्चाने किंवा सरकारच्या बोलावण्यावरून इंग्रजीच्या शिक्षकाने दुसऱ्या देशात जाऊन शिकवायचे, ही गोष्ट आता शंभर वर्षांची जुनी झाली आहे. आणि तिचा एक धागा, तुम्हाला ठाऊक नसेल, थेट आपल्या शाळेतल्या लोखंडी कपाटापर्यंत येतो.

तो धागा असा. १९२२ साली जपानच्या शिक्षण खात्याने हॅरल्ड पामर नावाच्या एका इंग्रज शिक्षकाला सल्लागार म्हणून तोक्योला बोलावून घेतले. जपानी मुले शाळेत वर्षानुवर्षे इंग्रजी शिकत. व्याकरण पाठ, भाषांतर पाठ, पण दोन वाक्ये बोला म्हटले की गप्प. (हे ऐकताना आपल्याकडची कुणाची आठवण झाली तर माझा इलाज नाही.) पामरसाहेब केवळ इंग्रज म्हणून आले नव्हते. त्याआधी बेल्जममध्ये ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशा लोकांना त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले होते. जपानात त्यांनी १९२३ मध्ये इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था काढली, आणि आधी कानाने, मग तोंडाने, मग डोळ्यांनी शिकवायचे, हा धडा शिक्षकांपुढे ठेवला.

त्यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये हॉर्नबी नावाचा एक तरुण शिक्षक क्यूशू बेटावरच्या ओइता गावी एका वाणिज्य विद्यालयात आला. त्याला बोलावले होते इंग्रजी साहित्य शिकवायला. वर्गात उभा राहिल्यावर त्याला कळले की साहित्याची गोष्ट पुढची. मुलांना आधी भाषाच हवी आहे. मग तो पामरच्या कामात सामील झाला. मुले कुठे अडखळतात ते वर्षानुवर्षे टिपत गेला. एखाद्या नामाचे अनेकवचन होते की नाही, एखाद्या क्रियापदापुढे वाक्य कसे चालते, अशा गोष्टी इंग्रज माणसाला कोशात बघाव्या लागत नाहीत. शिकणाऱ्याला लागतात. आपल्या मराठीत एक सल्ला, दोन सल्ले. म्हणून आपला मुलगा बिनदिक्कत 'अॅडव्हायसेस' लिहितो. त्याला हे सांगणारा कोश तोवर मिळणे कठीण होते. हॉर्नबी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी तो केला. १९४२ मध्ये तो तोक्योत छापला गेला. मधे महायुद्ध पेटले होते, हॉर्नबीला जपानात स्थानबद्ध व्हावे लागले आणि नंतर मायदेशी परतावे लागले. १९४८ मध्ये तोच कोश ऑक्सफर्डने काढला. आज 'ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' म्हणून जो जाडजूड ग्रंथ आपल्या कपाटात असतो, त्याचे मूळ ओइताच्या त्या वर्गात आहे.

हे इतके सविस्तर सांगितले त्याला कारण आहे. एखादे सरकार अनुभवी शिक्षकाला बोलावते तेव्हा त्याच्याकडून काय मागते, ते ह्यात दिसते. उच्चार गोड असावा, टाय नीट बांधलेला असावा, एवढ्यावर काम भागत नाही. मुले कुठे आणि का चुकतात हे ज्याने वर्षानुवर्षे पाहिले आहे, असा माणूस त्यांना हवा असतो. आणि हे पाहण्याची संधी आपल्या खेड्यातल्या शिक्षकाला जितकी मिळते तितकी फार थोड्यांना मिळते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, तिथल्या सहा वर्षांच्या पोराला आपण इंग्रजी शिकवतो. ही कमाई आहे, मंडळी. तिला आपण अडचण म्हणत आलो.

आता कुणी म्हणेल, पामर आणि हॉर्नबी तर गोरे साहेब. हिंदी शिक्षकाला कुणी बोलावले काय? बोलावले की! आणि तेही शेजारच्याच देशाने.

भूतानमध्ये तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक ह्यांनी आपल्या कारकिर्दीत शाळांचे जाळे विणायला घेतले. १९६१ मध्ये तिथली पहिली पंचवार्षिक योजना भारताच्या पैशाने सुरू झाली. त्याआधी तिथल्या शाळांत पुष्कळसे शिक्षण हिंदीतून आणि आपल्याकडच्या पुस्तकांवर चाले. साठनंतर इंग्रजी माध्यम आले. पण शिकवणार कोण? मग भारतातून शिक्षक गेले. त्यांत केरळचे बरेच होते. फुंत्शोलिंगहून थिंफूला जाणारा मोटाररस्तादेखील त्याच सुमारास होत होता, आणि आतल्या कित्येक शाळांपर्यंत रस्ता असा नव्हताच. सामान खेचरावर आणि मास्तर पायी, असा प्रवास. १९६३ मध्ये दार्जिलिंगकडे शाळा चालवणारे विल्यम मॅकी नावाचे कॅनेडियन पाद्री असेच पूर्वेकडे ताशीगांगला शाळा काढायला गेले. ते भूतानचेच होऊन राहिले, पुढे त्यांना तिथले नागरिकत्व मिळाले आणि १९९५ मध्ये त्यांनी भूतानमध्येच देह ठेवला.

तिथल्या वर्गाचा जरा विचार करा. समोरची मुले घरी कोणी जोंखा बोलणारी, कोणी शार्चोप, कोणी नेपाळी. मास्तरांची भाषा मल्याळम किंवा बंगाली. आपण इथे काय करतो? 'बास्केट म्हणजे टोपली' म्हणून मोकळे होतो. मुलाला अर्थ कळला, तास पुढे गेला. तिथे ही भाषांतराची काठी हातात नाही. मग टोपली वर्गात आणावी लागते. ती टेबलावर ठेवायची, टेबलाखाली ठेवायची, एका मुलीच्या हातात द्यायची, आणि प्रत्येक वेळी वाक्य बोलायचे, मुलांकडून बोलवून घ्यायचे. दार उघडता उघडता 'मी दार उघडतो आहे' हे इंग्रजीत म्हणायचे. आपल्या जुन्या अध्यापक विद्यालयांत ही पद्धत पाठाच्या परीक्षेपुरती शिकवत. परीक्षक बाहेर गेले की टोपली कोपऱ्यात आणि मास्तर पुन्हा भाषांतरावर. मीही तेच केले, खोटे कशाला बोलू? परदेशच्या वर्गात ती पळवाट बंद होते. म्हणून तिथून परत आलेला शिक्षक बदललेला असतो.

भूतानमध्ये पुढे सामत्सेला अध्यापक विद्यालय झाले, तिथले शिक्षक तयार झाले, आणि बाहेरच्या शिक्षकांची गरज कमी होत गेली. तिसऱ्या राजांचा जन्मदिवस, २ मे, तिथे शिक्षक दिन म्हणून पाळतात.

भारत सरकारचे हे काम भूतानपुरतेच राहिले नाही. १५ सप्टेंबर १९६४ ला आपल्या सरकारने परदेशांशी तांत्रिक सहकार्याचा एक कार्यक्रम सुरू केला. 'आयटेक' ह्या नावाने तो ओळखला जातो. त्यात परदेशी लोकांना इकडे शिक्षण देणे आहे, तसे भारतीय तज्ज्ञांना तिकडे पाठवणेही आहे. हैदराबादला १९५८ मध्ये स्थापन झालेली इंग्रजीची केंद्रीय संस्था, जी २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाली, तिचा ह्या कामात मोठा हात. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, म्यानमार ह्या देशांत इंग्रजी प्रशिक्षणाची केंद्रे उभारायला भारताने मदत केली. केंद्रीय विद्यालय संघटनेने काठमांडू, मॉस्को आणि तेहरान इथे शाळा चालवल्या, त्यांत संघटनेच्या नोकरीतलेच शिक्षक प्रतिनियुक्तीवर गेले. म्हणजे त्या दारातून जायचे तर आधी त्या घरात असावे लागते, हे ध्यानात घ्या.

दुसऱ्या देशांच्या योजनांबद्दलही असेच नीट समजून घेतले पाहिजे. पुष्कळांची निराशा इथेच होते. एखादे सरकार आपल्या नागरिकांना बाहेर पाठवते, तिथे आपला पासपोर्ट चालत नाही. अमेरिकेने १९६१ मध्ये पीस कोअर काढले आणि त्याच ऑगस्टमध्ये पहिली तुकडी घानाला उतरली. ते सगळे शाळेत शिकवायला गेलेले तरुण होते. पुढे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने इंग्लिश लँग्वेज फेलो नावाचा कार्यक्रम आखला, तो मात्र मुरलेल्या शिक्षकांसाठी. इंग्रजी अध्यापनातली वरची पदवी आणि वर्गातला अनुभव असलेल्या माणसाने सुमारे दहा महिने दुसऱ्या देशात राहून तिथल्या शिक्षकांना तयार करायचे, अशी त्याची रचना. कार्यक्रम चांगला, पण अमेरिकन नागरिकांसाठी. त्याचा अर्ज कुणी तुम्हाला विकत असेल तर तिथूनच नमस्कार करा.

बोलावणाऱ्या सरकारांची गोष्ट वेगळी. जपानने १९८७ मध्ये 'जेट' नावाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. पुढे देशांची संख्या वाढत गेली. तिथे पदवी लागते, शिकवण्याचा अनुभव लागतोच असे नाही, कारण काम मुख्यतः जपानी शिक्षकाच्या जोडीला उभे राहण्याचे. हाँगकाँगने १९९८ मध्ये माध्यमिक शाळांसाठी जी योजना काढली तिला मात्र शिकलेला, प्रशिक्षित शिक्षक हवा होता. तिच्या अटींत इंग्रजी मातृभाषा असलेले किंवा तितक्याच तोलाचे इंग्रजी असलेले, असे शब्द आहेत. त्या 'किंवा'मध्ये आपल्याला जागा आहे. वाट अवघड खरी.

दक्षिण कोरियाची गोष्ट तर मुद्दाम सांगतो, कारण ती फारशी कुणाला ठाऊक नसते. तिथे इंग्रजी शिकवण्याचा परवाना ठरावीक सात देशांच्या नागरिकांना मिळत असे. भारत आणि कोरिया ह्यांच्यात २००९ मध्ये व्यापारी करार झाला, तो १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्या करारान्वये इंग्रजी विषयाची पदवी आणि रीतसर शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयालाही साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची वाट झाली. गंमत पाहा, त्या सात देशांच्या माणसाला नुसती पदवी पुरे, आपल्याला शिक्षकाची पात्रताही दाखवावी लागते. ह्यात अन्याय आहे, असे मला वाटते. पण बी.एड. झालेल्या आपल्या शिक्षकाच्या हाती ते प्रमाणपत्र आहेच, तेव्हा त्याने ते वापरावे.

आणि तिसरा प्रकार, जो मी खेड्यातल्या शिक्षकाला सर्वांत आधी सुचवीन, तो म्हणजे थोड्या मुदतीसाठी जाऊन शिकून येण्याचा. भारत आणि अमेरिका ह्यांच्यात २ फेब्रुवारी १९५० ला फुलब्राइट करार झाला; २००८ मध्ये त्याची नवी मांडणी होऊन नेहरूंचे नाव त्याला जोडले गेले. प्राध्यापकांच्या शिष्यवृत्त्या पुष्कळांना माहीत असतात. शाळेच्या शिक्षकांसाठीही ह्याच नावाखाली योजना निघाल्या आहेत: एक सुमारे सहा आठवड्यांची, एक सत्रभराची. तिथल्या विद्यापीठात शिकायचे, जवळच्या शाळेत जाऊन वर्ग पाहायचे, काही तास स्वतः घ्यायचे आणि परत यायचे. इंग्लंडकडे हॉर्नबीच्याच नावाचा एक न्यास आहे. कोशातून मिळालेल्या पैशातून त्याने तो १९६१ मध्ये स्थापन केला, आणि त्यातून निरनिराळ्या देशांतले अनुभवी इंग्रजी शिक्षक ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने वरच्या शिक्षणासाठी जात आले आहेत. अशा योजनांना पैसा दर वर्षी मंजूर व्हावा लागतो. एखादे वर्ष भरती होते, एखादे वर्ष होत नाही. म्हणून गेल्या साली कुणी गेले ह्या भरवशावर राहू नका, चालू वर्षाची जाहिरात त्या संस्थेच्या किंवा वकिलातीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे तुम्हाला आठवत असेल. पुढे त्यांना फुलब्राइटही मिळाले. तेव्हा, २०२२ च्या जानेवारीत, त्यांच्या रजेचा प्रश्न वर्तमानपत्रांपर्यंत गेला आणि मग रजा मंजूर झाली. जगात नाव झालेल्या शिक्षकाची ही कथा, तर आपली काय असेल? म्हणून सांगतो, निवड झाल्यावर रजेचा अर्ज करू नका. योजनेचा अर्ज लिहायला घेताच मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी ह्यांच्या कानावर घाला. ना हरकत प्रमाणपत्र, पासपोर्ट, असाधारण रजा की प्रतिनियुक्ती, परत आल्यावर जागा आणि सेवाज्येष्ठता कशी राहील, हे सगळे लेखी घ्या. तोंडी 'बघू' वर विमानात बसू नका.

आता अर्जाकडे. आपल्या शिक्षकांचे अर्ज मी पाहिले आहेत. 'मला वीस वर्षांचा अनुभव असून मी विद्यार्थिप्रिय आहे' असे लिहितात. ह्यातून वाचणाऱ्याला काय कळणार? त्यापेक्षा असे लिहा: माझ्या वर्गात छत्तीस मुले आहेत, त्यांतल्या अकरांच्या घरी मराठीही बोलत नाहीत, दिवाळीपर्यंत त्यांना प्रश्न विचारता येत नव्हता, मी अमुक केले, ते फसले, मग तमुक केले, मार्चमध्ये एकोणीस मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागली. फसलेले जरूर लिहा. निवडणारी माणसेही शिक्षकच असतात, त्यांना खरे-खोटे ओळखता येते. ह्यासाठी रोजच्या टाचणवहीच्या शेवटी दोन ओळी टिपायची सवय लावून घ्या. अर्जाच्या आदल्या रात्री वीस वर्षे आठवत नाहीत.

पैशाचेही सांगतो. जपान, कोरिया, फुलब्राइट ह्यांपैकी कुणीही अर्जासाठी वा निवडीसाठी शिक्षकाकडून नोंदणी फी मागत नाही. मध्यस्थामार्फत परदेशी नोकरी घ्यायची असेल, तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने अशा भरती करणाऱ्याला सरकारी परवाना लागतो. त्याचा क्रमांक मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ताडून पाहा. करार हातात पडल्याशिवाय नोकरीचा राजीनामा देऊ नका. करारात पगार कोणत्या चलनात, घरभाडे कुणाकडे, आजारपणाचा खर्च कुणाचा, परतीचे तिकीट कोण देणार, हे चार मुद्दे आधी शोधा. इंग्रजीचे शिक्षक असून आपण करार न वाचता सही करतो, ह्याचे मला नेहमी नवल वाटते.

आणि घरच्यांशी बोला. म्हातारे आईवडील, दहावीतली मुलगी, सोसायटीचे कर्ज, ही काही लहान कारणे नव्हेत. ज्याला जाता येत नाही त्याने मन लहान करू नये. हैदराबादच्या संस्थेचे आणि आपल्या राज्याचे शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्ग इथेच असतात. २०१६ पासून ब्रिटिश कौन्सिल, राज्य शासन आणि टाटा न्यास ह्यांनी 'तेजस' नावाने शिक्षकांचे गट जमवले, त्यातून किती तरी जण आपापल्या भागात बोलते झाले.

त्या डोंगराकडच्या गुरुजींचा परवा फोन आला होता. सहा आठवड्यांच्या योजनेचा अर्ज भरायचा म्हणतात. जाहिरात निघायची वाट पाहत आहेत. ठेवपावती शाबूत आहे. पत्नी म्हणाल्या, "सहा आठवडे तर आत्ता गेले म्हणता सरतील, वर्षाचं असेल तर मात्र आपण बसून ठरवू." मग त्यांनी अर्जातला पहिला परिच्छेद मला वाचून दाखवला. त्यात टोपली होती, दार होते, आणि पाचवीतल्या एका मुलीने पहिल्यांदा इंग्रजीत त्यांना विचारलेला प्रश्न होता: "सर, काल तुम्ही का आला नाहीत?" मी म्हटले, क्रियापदाचा काळ तेवढा पुन्हा तपासा, बाकी एक अक्षर बदलू नका.